ड्रेसेल, पीकॉक-विल्यम्स की थेट माती? रोमन अँफोरा ओळखायला कुठली पद्धत धरायची

अँफोरा म्हणजे वाईन, तेल असा माल जहाजातून न्यायचं दोन कानांचं मातीचं भांडं. त्याच्या खापऱ्या समोर आल्या की गोंधळ होतो तो याचाच, की वर्गीकरण कुठलं धरायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो, नाव ड्रेसेलचं लावा पण ओळख मातीवरून पटवा.

हाइनरिश ड्रेसेल हा मुळात प्राचीन शिलालेख वगैरे वाचणारा अभ्यासक. रोममधल्या अँफोरांवरचे शिक्के आणि रंगाने लिहिलेला मजकूर गोळा करता करता त्याने 45 आकारांचा तक्ता केला, तो 1899 मध्ये छापला गेला आणि आजही जगभर तेच नंबर चालतात. 'ड्रेसेल 20' म्हटलं की स्पेनच्या बेटिका प्रांतातला, 60-70 लिटर ऑलिव्ह तेल मावणारा गोलमटोल अँफोरा लगेच कळतो, रोममधली मोंते तेस्ताच्चो टेकडी मुख्यतः याच्याच खापऱ्यांची. पण तक्ता शेवटी रोमपुरता, त्यामुळे नंतर त्यात बरीच डागडुजी झाली. ड्रेसेल 1 चे ए, बी, सी असे भाग पाडावे लागले आणि 2, 3, 4 इतके सारखे निघाले की आता सरळ '2-4' लिहितात.

ड्रेसेल 1 आणि 2-4 यांच्यातला फरक मात्र मजेशीर आहे. ड्रेसेल 1 हा इटलीचा वाईनचा अँफोरा, रिकामाच साधारण 25 किलोचा आणि आत वाईनही जेमतेम तेवढीच लिटर, म्हणजे जहाजातलं निम्मं वजन नुसत्या भांड्याचं! इ.स.पूर्व पहिल्या शतकात ग्रीकांच्या कोस बेटाच्या धर्तीवरचा 2-4 आला, पातळ आणि बराच हलका. त्याचा कान दोन वळ्या चिकटवून केलेला असतो, आडवा तुटला की तुटलेली बाजू 8 च्या आकड्यासारखी दिसते.

पीकॉक आणि विल्यम्स या पुरातत्त्वज्ञांची 1986 ची पद्धत जास्त शिस्तशीर, प्रत्येक क्लासचा आकार, माल, माती, कुठे कुठे सापडतो सगळं एका जागी. पण 'क्लास 25' म्हटलं तर शेजारचा विचारणार कुठला रे, मग सांगायचं ड्रेसेल 20. शोधायला बेस्ट, बोलायला नाही. उशिराच्या रोमन काळासाठी कीय या अभ्यासकाचे नंबर किंवा रायली या अभ्यासकाचे 'लेट रोमन' नंबर बघा.

आता माती. हातात बहुतेक वेळा पोटाचा तुकडाच येतो, काठ नाही कान नाही, मग आकारावरचे नंबर काय कामाचे? इटलीतल्या कॅम्पानियाच्या मातीत ज्वालामुखीची काळी रेती इतकी ठळक असते की साध्या भिंगातूनही कळते. तोटा एवढाच की एकाच मातीत वेगवेगळे आकार घडवलेत, त्यामुळे काळ नेमका सांगता येत नाही.

महाराष्ट्रातल्या खापऱ्यांवर काम करणार असाल तर मातीच आधी. पश्चिम भारतात पूर्वी रोमन म्हणून नोंदलेले बरेच तुकडे पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टॉम्बर यांच्या तपासणीत मेसोपोटेमियाकडचे टॉर्पेडो जार निघाले. त्यांना कान नसतात आणि आतून डांबराचा थर असतो. पण फक्त आतला काळा थर बघून निकाल देऊ नका, रोमन वाईनच्या अँफोरालाही आतून पाइनच्या राळेचा लेप असायचा आणि तोही काळपटच दिसतो.