तीन एआय एजंट, एक रेपो आणि गिट वर्कट्री: चार महिन्यांचा अनुभव

चार महिने झाले, आमच्या जँगोच्या (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) प्रोजेक्टवर मी एका वेळी तीन कोडिंग एजंट (सांगितलं की स्वतः कोड लिहिणारे, टेस्ट चालवणारे एआय) चालवतोय आणि या सगळ्यात खरं उपयोगी पडलं ते गिट वर्कट्री, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधलीच एक सोय. नवीन काही नाही, 2015 मध्ये गिट 2.5 सोबत आलेलं, फुकट, गिट असेल तर तुमच्या मशीनवर आत्ता असणारच, फक्त बऱ्याच जणांना कधी लागलं नव्हतं.

आधी मी एकाच फोल्डरमध्ये दोन टर्मिनल उघडून दोन एजंट सोडायचो. एकदा एकाला ऑर्डरच्या मॉडेलमधल्या फील्डचं नाव बदलायला सांगितलं, दुसरा इन्व्हॉइसच्या पीडीएफवर होता. दुसऱ्याने टेस्ट रन केल्या, अकरा फेल, त्याला वाटलं कोड तुटलाय म्हणून त्याने नाव परत जुनं करून टाकलं, मग पहिल्याने बघितलं की आपला बदल दिसत नाही म्हणून त्याने पुन्हा बदललं, आणि मी जेवून येईपर्यंत दोघं एकमेकांचं खोडतच बसले होते. खूप चिडचिड झाली, सगळं रिव्हर्ट करावं लागलं.

गिट वर्कट्री ॲड मारलं की त्याच रेपोचं (प्रोजेक्टचा कोड आणि त्याची हिस्टरी) वेगळं फोल्डर मिळतं, वेगळी ब्रँच (बदलांची स्वतंत्र शाखा). हिस्टरी एकच असते, त्यामुळे पूर्ण क्लोनएवढी जागा लागत नाही आणि एकाची कमिट (नोंदवलेला बदल) दुसऱ्या फोल्डरमधून लगेच दिसते. तीच ब्रँच दोन फोल्डरमध्ये उघडू देत नाही, सुरुवातीला हे खटकतं पण एजंट असताना नेमकं तेच हवं असतं.

पण एक लक्षात घ्या, फायली वेगळ्या झाल्या म्हणजे सगळं वेगळं झालं असं नाही! डॉट ईएनव्ही फाइल (पासवर्ड, डेटाबेसचा पत्ता वगैरे सेटिंग) गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत असते, त्यामुळे नवीन फोल्डरमध्ये येत नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टच्या पायथॉन लायब्ररींची वेगळी जागा) पण परत बनवावं लागतं. मी जुनी फाइल तशीच कॉपी केली तर तिन्ही एजंट एकाच पोस्टग्रेस डेटाबेसवर, एकाने मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) चालवलं की बाकीच्या दोघांकडे एरर. आता प्रत्येकाला वेगळा डेटाबेस आणि 8000, 8001, 8002 असे पोर्ट देतो, छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवलीये, दोन मिनिटांत होतं.

मायग्रेशनच्या फायली तरीही भांडतात. दोघांनी आपापल्या ब्रँचवर 0042 नंबरची फाइल बनवली की मर्ज केल्यावर (ब्रँच एकत्र केल्यावर) जँगो कॉन्फ्लिक्ट सांगतो. म्हणून मायग्रेशन आणि रिक्वायरमेंट्सची (लागणाऱ्या लायब्ररींची) फाइल एकाच एजंटच्या ताब्यात, बाकीच्यांनी हात लावायचा नाही, हे एजंट्स डॉट एमडीमध्ये (एजंटसाठीच्या सूचनांची फाइल) स्पष्ट लिहिलंय. कामाची वाटणी पण ॲपनुसार करतो, एक बिलिंग, एक रिपोर्ट्स, एक नुसत्या टेस्ट.

काम संपल्यावर फोल्डर हाताने उडवू नका, गिट वर्कट्री रिमूव्ह वापरा, नाहीतर गिटकडे नोंद तशीच राहते आणि मग ती काढायला गिट वर्कट्री प्रून मारावं लागतं.

मित्र विचारतात पाच-सहा का नाही चालवत? मशीन चालवेल हो, पण मर्ज करायच्या आधी प्रत्येक डिफ (काय काय बदललं ते) मी स्वतः वाचतो आणि दिवसाला तीन ब्रँचच नीट वाचून होतात.