यीस्ट नायट्रोजन बेस (अमिनो ॲसिड आणि अमोनियम सल्फेट नसलेला): 5 पैकी साडेचार स्टार

लॅबमधे यीस्टचं खाद्य (मीडियम) बनवायची ही पावडर. नुसतं यीस्ट वाढवायचं असेल तर ही घेऊ नका, त्यासाठी रेडीमेड वायपीडी (यीस्टचं नेहमीचं मीडियम) मस्त आहे, 30 डिग्रीला साधारण दीड तासात सेल डबल होतात. पण वायपीडीत यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोन असतं, त्यात नेमकं काय किती आहे ते कोणी धड सांगू शकत नाही आणि बॅच बदलली की तेही थोडं बदलतं, मग एखादं जीन कशामुळे चालू झालं ते शोधणार कसं?

ही पावडर लिटरला 1.7 ग्रॅम घालायची, व्हिटॅमिन, ट्रेस मेटल आणि क्षार त्यातून मिळतात, साखर कोणती आणि नायट्रोजन कुठला ते आपण ठरवायचं. हाच तर सगळा फायदा आहे! आम्ही एका फ्लास्कमधे ग्लुटामिन घातलं, दुसऱ्यात प्रोलीन, दोन्ही लिटरला 1 ग्रॅम, ग्लुकोज 2 टक्के, बाकी सगळं सेम. प्रोलीनवाले सेल बरेच सावकाश वाढले आणि गॅप1 जीनचा आरएनए (जीन किती चालू आहे याचं माप) मोजला तर तिकडेच भरपूर. होतं असं की ग्लुटामिनसारखा चांगला नायट्रोजन असला की युरे2 प्रोटीन जीएलएन3 ला (हे जीन चालू करणारं प्रोटीन) न्यूक्लियसबाहेर अडवून धरतं, प्रोलीनसारखा कमी प्रतीचा नायट्रोजन मिळाला की जीएलएन3 आत जातं आणि अमिनो ॲसिड आत ओढणाऱ्या ट्रान्सपोर्टरचं जीन, म्हणजेच गॅप1, चालू करतं. इतका स्वच्छ फरक वायपीडीत कधीच दिसणार नाही. (ग्लुटामिनच्या जागी अमोनियम वापरायचं असेल तर आधी स्ट्रेन (यीस्टचा वाण) बघा, काही स्ट्रेनमधे अमोनियमने गॅप1 नीट दबत नाही.)

गॅल प्रमोटर (गॅलॅक्टोज दिलं की जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) वापरणाऱ्यांनाही उपयोगी, रॅफिनोजवर वाढवा आणि मग गॅलॅक्टोज द्या, ग्लुकोज शिल्लक राहिलं तर मिग1 नावाचं प्रोटीन ते जीन दाबूनच ठेवतं.

एक गोष्ट मात्र पाकिटावर ठळक लिहायला हवी होती. बीवाय4741 (लॅबमधला नेहमीचा यीस्ट) सारख्या स्ट्रेनला स्वतः बनवता न येणारं हिस्टिडीन, ल्युसीन, मेथिओनीन आणि युरासिल वरून द्यावं लागतं, आणि ल्युसीनसारखी अमिनो ॲसिड स्वतःच थोडाफार नायट्रोजन पुरवतात, म्हणजे नायट्रोजनचा प्रयोग तिथेच गढूळ झाला. त्यासाठी स्वतःची सगळी अमिनो ॲसिड बनवणारा प्रोटोट्रॉफ स्ट्रेनच घ्या, प्लीज.

अर्धा स्टार कापला तो झाकणामुळे. पावडर हवेतलं पाणी फार पटकन ओढते, झाकण नीट बसत नाही त्यामुळे गुठळ्या होतात आणि मग वजन चुकतं. आल्या आल्या छोट्या बाटल्यांत भरून सिलिका जेलसोबत अंधारात ठेवा. 10 एक्स स्टॉक (दहापट तीव्र द्रावण) जंतू काढण्यासाठी फिल्टर करूनच वापरा. आणि फॉस्फेट स्टार्व्हेशनसाठी (यीस्टला फॉस्फेटविना ठेवायच्या प्रयोगासाठी) ही मागवू नका, यात पोटॅशियम फॉस्फेट आधीच असतं, फॉस्फेट कमी पडल्यावर चालू होणारं पीएचओ5 जीन चालू होणारच नाही, त्यासाठी फॉस्फेट नसलेली वेगळी मिळते.