तांबीचा हार्नेस : आठ महिने, राजमाची आणि माथेरान

तांबी आमची गावठी कुत्री. चार वर्षांची, वजन १८ किलो, छाती खोल, कंबर बारीक, डोकं निमुळतं. बांधा आधीच सांगते, कारण आपल्याकडच्या कुत्र्यांना हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचे पट्टे, घेताना घोळ होतो तो इथेच. तिचा पहिला हार्नेस दोन पट्ट्यांचा होता. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जाताना समोरून गुरं आली, तांबी बिचकून मागे सरकली आणि डोकं काढून मोकळी झाली. पाऊण तास मी कारवीत हाका मारत फिरत होते. सापडली, पण तो पाऊण तास आठवला की अजून पोटात गोळा येतो.

त्यानंतर जूनमध्ये हा तीन पट्ट्यांचा घेतला. एक छातीवर, दुसरा पुढच्या पायांच्या मागे आणि तिसरा बरगड्या संपतात तिथे, कमरेच्या बारीक भागावर. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. घेताना जड वाटली. आता फेब्रुवारी चालू आहे, चौदा ट्रेक झालेत. मागे सरकून निसटायचा प्रयत्न तिने दोनदा केला, दोन्ही वेळा तिसऱ्या पट्ट्याने धरून ठेवलं. गावठी कुत्रं असेल तर दोन पट्ट्यांचा घेऊच नका. छातीचं माप टेपने घ्या, वजनावरून साइज ठरवू नका. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं नको.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते पाठीवरच्या हँडलमुळे. लोणावळ्याकडची वाट सुमारे १५ किलोमीटर, लांबलचक पण सोपी. तिथे हँडलला हात लावावा लागत नाही. राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडी गावाहून कोंढाणे लेण्यांकडे उतरणारी वाट मात्र दाट झाडीतून थेट खाली जाते. जुलैत ती वाट नसतेच, ओढाच असतो. शेवाळलेल्या दगडांवर तांबीचे मागचे पाय सटकायचे, ती थांबून माझ्याकडे बघायची. मी आधी खाली उतरायचे, पाय रोवायचे आणि मग एका हाताने हँडल, दुसरा हात पोटाखाली, असं तिला खाली घ्यायचे. नुसत्या हँडलवर पूर्ण वजन उचलू नका. सगळा ताण काखेत येतो आणि ती कण्हते. दोन-चार वेळा असं झाल्यावर ती स्वतःच पायरीच्या कडेला येऊन हँडलसाठी उभी राहायला लागली. एवढा विश्वास तिने टाकला याचं मला फार अप्रूप आहे.

सोबत आपल्या कमरेला बांधायची ताणणारी लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, हीही मिळते. चढताना उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. उतारावर मात्र सोडून हातात घ्या. ओल्या मातीत तिने एक झटका दिला आणि मी थेट बसले, पुढे कडा असता तर काय झालं असतं याचा विचारही नको.

आता खटकलेल्या गोष्टी. छातीखालचा फोम पाणी धरतो. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही आतून ओलाच राहायचा, वास सुटायचा. ऑगस्टमध्ये तिच्या काखेतली कातडी लाल होऊन केस गेले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि ओला हार्नेस अंगावर ठेवू नका म्हणून बजावलं. तेव्हापासून जेवायला बसलो की हार्नेस काढते, कातडी कोरडी पुसते आणि लीश साध्या गळपट्ट्याला लावते. गळ्याजवळचं वेल्क्रो तर ऑक्टोबरातच संपलं. गवत वाळलं की कुसळं त्यात इतकी रुततात की चिकटणंच बंद होतं. हीच कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात, ती घरी येऊन चिमट्याने काढावी लागतात. पट्ट्याखाली गोचीडही लपतात. महिन्याची गोळी चालू असूनही एकदा तीन सापडले. गोचीडतापाने आमच्या सोसायटीतलं एक कुत्रं फार हाल होऊन गेलं, त्यामुळे मी ट्रेकनंतर हार्नेस उलटा करून उजेडात बघतेच.

रंग आम्ही नारिंगी घेतला होता, माथेरानच्या तांबड्या मातीने तो आता विटकरी झालाय. तरीही धुक्यात उठून दिसतो. चकाकणाऱ्या पट्टीचा उपयोग उधेवाडीत मुक्कामाला कळला. संध्याकाळी तलावाकडून परतताना टॉर्चच्या उजेडात ती लांबूनही दिसत होती. जेवण वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाहेर बांधू नको गं तिला. बिबट्या सगळ्यात आधी कुत्रंच उचलतो." रात्रभर ती माझ्या पायाशी, पडवीच्या आतल्या खोलीत झोपली.

जंगलात मी तिला मोकळं सोडत नाही, मग ती कितीही शहाणी असो. कुत्र्यांचा डिस्टेंपरसारखा आजार रानातल्या मांसाहारी प्राण्यांना होऊ शकतो, आणि वासाने ती कोणाच्या मागे लागेल सांगता येत नाही. भीमाशंकरचं अभयारण्य शेकरूसाठी राखलेलं आहे. तिथे ती घरीच राहते, मी एकटी जाते.

उन्हाळ्यासाठी हा हार्नेस मला जड वाटतो. कुत्र्याच्या अंगातली उष्णता बरीचशी धापा टाकूनच बाहेर पडते, त्यात छातीवर जाड फोम. गेल्या रविवारी साडेनऊलाच काळा कातळ इतका तापला होता की तळहात टेकवून ठेवता येईना. तिथूनच परत फिरलो. आता पहाटे पाचला निघायचं, तिचं पाणी वेगळ्या बाटलीत.

बकल चारही शाबूत आहेत, फक्त माती अडकली की धुवावी लागतात. हँडलच्या एका टोकाची शिवण उसवायला लागली होती. कोपऱ्यावरच्या मोचीकाकांनी नायलॉनच्या दोऱ्याने तिथे दुहेरी टाके घालून दिले, आणि दुसऱ्या टोकालाही घातले, मी न सांगता.