गावच्या बंद घरासाठी घेतलेला सोलर सिमवाला कॅमेरा – 8 महिने वापरून

आम्ही परळला राहतो, गावचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, गणपती शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपच असतं. गेल्या वर्षी विहिरीवरच्या पंपाची केबल कापून नेली, त्याच्या आधी पडवीतलं तांब्याचं घंगाळ गेलं. बघायला गेलं तर भुरट्या चोऱ्या, पण ते घंगाळ आजीचं होतं, आई अजून विषय निघाला की गप्प होते.

म्हणून लॅमिंग्टन रोडवरून हा कॅमेरा घेतला, 5 हजारांच्या आत बसला. वायफाय लागत नाही, 4जी सिम टाकायचं, कोणी हललं की मोबाईलवर नोटिफिकेशन येतं. दुकानदाराने माझंच सिम टाकून सगळं चालू करून दाखवलं, अजिबात घाई केली नाही, त्याचे पूर्ण मार्क. फक्त पावसाचं काही बोलला नाही. जुलैत सूर्यच दिसला नाही, बॅटरी उतरली आणि 5 दिवस कॅमेरा बंद, शेवटी काकांनी खाली काढून घरात चार्ज केला. आणि माकडं आली की दिवसभर फोन वाजतो, सेन्सर कमीवर ठेवा.

आता खरी गोष्ट. जानेवारीत रात्री 2 वाजता नोटिफिकेशन आलं, बघतो तर तोंडाला टॉवेल बांधलेले दोघं विहिरीकडे. मी मुंबईत बसून काय करणार, आधी पोलीस पाटलांना फोन केला, मग 112 लावला, गावाचा पत्ता सांगितल्यावर तिकडच्या गाडीला कळवलं त्यांनी. पण ठाणं लांब, एका गाडीला कितीतरी गावं, त्यांना पाऊण तास लागला. पोलीस पाटील वाडीतली 4 पोरं आणि बॅटऱ्या घेऊन 10 मिनिटांत पोचले, चोर अर्धी कापलेली केबल टाकून पळाले. पोलीस पाटील म्हणजे नुसता मान नाही हो, 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला माणूस असतो, त्यांचा नंबर सेव्ह नसेल तर कॅमेरा घेऊन काही फायदा नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळी हवालदार आले, पंचनामा केला, आधीच्या केबलची तक्रार का नाही दिली विचारलं, आणि बरोबरच होतं त्यांचं, छोटी चोरी म्हणून आम्ही गप्प बसलो होतो. फुटेज व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, कोर्टासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं म्हणाले, त्यामुळे मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका, तसंच ठेवा. चेहरे ओळखता आले नाहीत, रात्रीचं चित्र लांबून धूसर येतं, तेवढा 1 स्टार कापतोय. पण जवळपासच्या भंगारवाल्यांकडे चौकशी झाली, आणि त्यानंतर वाडीत केबल गेलेली नाही.

4 स्टार. सिमचा रिचार्ज संपू देऊ नका. शिमग्याला जाताना अजून एक घेऊन जाणार आहे, काकूंच्या काजूच्या खळ्यासाठी.