पिट्सबर्गमध्ये ड्राफ्ट नाईट कुठे बघावी: नॉर्थ साईडच्या वहीवाल्या बारचा रिव्ह्यू

जागेचं नाव लिहीत नाहीये. मालकीणबाईंनीच सांगितलंय की चाळीस माणसांच्या वर मावत नाहीत, नाव नको टाकूस. पण नॉर्थ साईडच्या कुठल्याही जुन्या पायरेट्सवाल्याला (पायरेट्स म्हणजे इथली बेसबॉल टीम) ‘वही असलेला बार कुठला’ एवढं विचारा, तो रस्ता सांगेल. मी २०२३ पासून दर जुलैला ड्राफ्टच्या संध्याकाळी इथे जाते, आणि २०२५ ला १३ जुलैला बाबांनाही नेलं, ते सांगलीहून दोन महिन्यांसाठी आले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हायस्कूल आणि कॉलेजमधली मुलं बेसबॉलच्या मेजर लीगमधल्या टीम्स आळीपाळीने निवडतात, तो हा ड्राफ्ट. १९६५ पासून चालू आहे, आता वीस राउंड असतात, पूर्वी चाळीस असायचे. बाबा आयपीएलचा लिलाव दरवर्षी बघतात त्यामुळे त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, बोली कधी लागते? म्हटलं बाबा इथे बोली नाही, नंबर लागतो. वरचे नंबर लॉटरीने ठरतात, २०२५ ला आपला सहावा. टीमला आपला नंबर दुसऱ्या टीमला देऊन त्याबदल्यात खेळाडू घ्यायचीसुद्धा परवानगी नाही, काही थोडे ठरावीक नंबर सोडले तर. आणि निवडलेला मुलगा चक्क नाही म्हणून कॉलेजला जाऊ शकतो.

आता वही. काउंटरच्या टोकाला, टोमॅटो सॉसच्या बाटल्यांच्या बाजूला जाड पुठ्ठ्याची रेघी वही ठेवलेली असते, दोरीने पेन बांधलेला. पायरेट्सचं नाव जाहीर झालं की ज्याला जे वाटतं ते त्याने तिथल्या तिथे लिहायचं. पेनने, आणि खोडायचं नाही. पाच-सहा जुन्या वह्या मागच्या फळीवर आहेत, मागितल्या की देतात. मी २००७ चं पान वाचलंय. त्या वर्षी चौथ्या नंबरवर आपण डॅनियल मॉस्कोस घेतला आणि लगेच पाचव्यावर ओरिओल्सनी मॅट वीटर्स नेला, अख्ख्या शहराला वीटर्स हवा होता. त्या पानावर एका माणसाने इतकं दाबून लिहिलंय की मागच्या पानावर अक्षरं उमटलीत, बोट फिरवलं तर हाताला लागतात. २०१० च्या पानावर बरोबर उलटं, जेमिसन टायोन दुसऱ्या नंबरवर आला म्हणून सगळे खूष, फक्त खाली कोपऱ्यात एकाच बाईने लिहिलंय ‘मचाडो घ्यायला हवा होता’. मॅनी मचाडो तिसऱ्या नंबरवर गेला. टायोननेही काय काय सोसलं, कोपराचं ऑपरेशन, मग कॅन्सर, आणि तरी काही आठवड्यांत परत येऊन बॉल टाकला, त्यामुळे ते पान वाचताना मला त्या बाईचं बरोबर होतं असंही म्हणवत नाही.

मी पहिल्यांदा गेले ते २०२३ चं वर्ष, पहिलाच नंबर आपला, आणि बारचे सरळ दोन तट पडलेले, पॉल स्कीन्स का डिलन क्रूझ. दोघं एलएसयूचेच (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी), एक पिचर म्हणजे बॉल टाकणारा, एक बॅटर. पॉल स्कीन्सचं नाव आल्यावर अर्धे लोक टेबलं बडवत होते आणि अर्धे म्हणत होते पिचर कशाला, पिचरचा हात कधीही जातो. मग दहा महिन्यांत, ११ मे २०२४ ला, स्कीन्स आपल्या घरच्या मैदानावर, पीएनसी पार्कवर उतरला आणि त्या वर्षी ऑल-स्टार मॅचची सुरुवातही त्यानेच केली. २०२४ ला नवव्या नंबरवर कॉनर ग्रिफिन, मिसिसिपीचा हायस्कूलचा पोरगा, तेव्हा वहीत निम्म्या लोकांनी लिहिलेलं की कॉलेजचा तयार बॅटर हवा होता, तोच ग्रिफिन वर्षभरात पायरेट्सच्या खालच्या टीम्समधून वर चढत ग्रीन्सबरोपर्यंत पोचला आणि लिहिणारे स्वतः येऊन स्वतःच्या ओळीखाली आजची तारीख घालून ‘चुकलो’ लिहून जातात. हे मला या जागेत सगळ्यात जास्त आवडतं. घरी बसून फोनवर ड्राफ्ट बघता येतो, फुकट बघता येतो, ट्रॅकरवर प्रत्येक नाव लगेच येतं, पण तिथे मागच्या वर्षी आपण काय बोललो ते कुणी समोर आणून ठेवत नाही.

२०२५ चं सांगते. सहा वाजता सुरू झालं. नॅशनल्सनी पहिला घेतला ईलाय विलिट्स, सतरा वर्षांचा ओक्लाहोमाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर). एंजल्सनी दुसऱ्यावर टायलर ब्रेमनर घेतला तेव्हा अख्खा बार एकदम ‘हू?’ म्हणाला, कुणाच्याच यादीत तो इतक्या वर नव्हता. रॉकीजनी मॅट हॉलिडेचा मुलगा ईथन घेतला तेव्हा टाळ्या पडल्या, वडील त्याच टीमकडून खेळलेले. मग आपला नंबर. माझ्या शेजारी पायरेट्सचा जुना हिरो रॉबर्टो क्लेमेंटेची २१ नंबरची जर्सी घातलेल्या एक बाई होत्या, पंचाहत्तरीच्या तरी असतील, त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. सगळ्यांना बॅटर हवा होता. का ते समजून घ्या, स्कीन्सचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितकं चांगलं) तेव्हा २.०१ आणि रेकॉर्ड ४-८, चार जिंकलेल्या आठ हरलेल्या, म्हणजे पोरगा बिचारा मान मोडून बॉल टाकतोय आणि आपले लोक रन काढत नाहीयेत. आयव्हा अर्केट अजून शिल्लक होता, कॉलेजचा शॉर्टस्टॉप, दणकट. आणि नाव आलं सेथ हर्नांडेझ. कॅलिफोर्नियाच्या कोरोना हायस्कूलचा उजव्या हाताचा पिचर.

क्षणभर कुणी काही बोललंच नाही. मग एकदम सगळे. ‘परत पिचर!’ ‘हायस्कूलचा!’ मागून टीम विका, टीम विका असं सुरू झालं, ते टीमचे मालक बॉब नटिंगसाठी, इथे ते मॅचलाही असतं. पुढचाच नंबर मार्लिन्सचा, त्यांनी अर्केट उचलला आणि काउंटरवरच्या एकाने टोपी काढून डोळ्यांवरच घेतली. हायस्कूलचा उजवा पिचर आजपर्यंत कधीच कुणी पहिल्या नंबरवर घेतलेला नाही, इतकी लोकांना भीती असते. माझं मत विचाराल तर मला आनंद झाला. व्हिडिओत त्याचा चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला बॉल) बघितलाय, हात तसाच जोरात फिरतो आणि बॉल मात्र प्लेटपाशी येऊन बसतो. आपण घेतलेला बॅरी बाँड्सही सहावाच होता, १९८५ ला. पण त्या जर्सीवाल्या बाई चिडल्या होत्या आणि त्यांचा राग मला पटतही होता, २०१५ नंतर तोपर्यंत एकदाही प्लेऑफ नाही, ज्यांनी १९७९ ची वर्ल्ड सिरीज बघितलीय त्यांना अजून चार वर्षं थांबा कसं सांगायचं.

बाबा म्हणाले, ‘अगं, हा पोरगा उद्यापासून खेळणार का?’

‘नाही बाबा. सही व्हायची, मग आपल्या खालच्या टीम्स, ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना, इंडियानापोलिस, मग इथे. तीन-चार वर्षं लागतील.’

‘आणि भांडण आत्ताच?’

बाईंनी विचारलं काय म्हणतायत, मी सांगितलं. त्या म्हणाल्या भारतातून आलेत ना, रिंकू आणि दिनेशला ओळखतात का? २००८ साली पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना एका बॉल फेकण्याच्या स्पर्धेतून साइन केलं होतं. ड्राफ्टमधून नाही, सरळ करार. मेजर लीगपर्यंत दोघं गेले नाहीत, पण या बाईंना ब्रेडेंटनला बघितलेला रिंकू अजून आठवतो, डावखुरा होता म्हणाल्या. बाबांना हे कुणाचंच नाव माहीत नव्हतं. मग बाबांनी पेन घेतलं आणि वहीत मराठीत लिहिलं, ‘मुलगा चांगला वाटतो, हात जपावा’, खाली सही आणि सांगली. बाईंनी अर्थ विचारून शेजारी इंग्रजीत लिहून ठेवला.

खाण्याचं. पिरोगी घ्या, बाकी विचार करू नका. बटाटा आणि चीज भरून उकडलेली, मग बटरमध्ये तांबूस परतलेली, वर कांदा. बाबा म्हणाले उकडीच्या करंजीचा तिखटमिठाचा भाऊ आहे हा, आणि दुसरी प्लेट मागवली. सहा नग १२ डॉलर. फ्राईज मात्र बेकन घालून आले, बाबा शाकाहारी आहेत हे दोनदा सांगूनसुद्धा, बदलून दिले लगेच पण मुळात व्हायला नको होतं. ड्राफ्टच्या दिवशी किचनला दोनच माणसं असतात, आमची पहिली प्लेट पन्नास मिनिटांनी आली. दुसरी तक्रार आवाजाची, चार टीव्ही आहेत आणि चौथ्या नंबरच्या वेळी कुणीतरी दुसऱ्याच मॅचचा आवाज लावून ठेवला, ओरडून सांगावं लागलं. बाथरूम स्वच्छ, हे बायकांसाठी मुद्दाम लिहितेय.

दुसऱ्या राउंडला परत हायस्कूलचाच पिचर आला, एंजल सर्व्हांटेस, तोपर्यंत निम्मा बार रिकामा झाला होता. थांबलेल्यांनी मात्र वहीत लिहिलं.

जायचं असेल तर पाचच्या आत पोचा, नाहीतर उभं राहावं लागतं. गाडी नेऊ नका, डाउनटाउनला लावून टी (इथली लोकल ट्राम) पकडा, नॉर्थ साईडपर्यंत तिकीट लागत नाही. कॅश ठेवा जवळ. बसायला काउंटरची डावी बाजू मागा, वही तिकडेच असते.