जुनी पेठ वाचवायची तर कुणाचा कित्ता गिरवायचा? मेन स्ट्रीट, फ्रान्सची योजना की अर्बॅक्ट

तालुक्याच्या गावात हल्ली चार व्यापारी बसले की हा विषय निघतोच. बायपास झाला, शोरूम सगळी तिकडे गेली, जुन्या पेठेत गाडी लावायला जागा नाही, वरचे मजले पडायला आलेत, मग शेजारच्या तीनचार गावांना बरोबर घेऊन काही करता येईल का? तर येतं, बाहेर बऱ्याच ठिकाणी केलंय लोकांनी, फक्त प्रत्येकाची एकत्र येण्याची तऱ्हा वेगळी आहे आणि ती नीट न बघता कॉपी मारली तर पैसा जातो आणि पेठ आहे तशीच राहते. म्हणून ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

अमेरिकेचं मेन स्ट्रीट, म्हणजे छोट्या शहरांच्या पेठा सावरण्याचा तिथला कार्यक्रम, यात सगळ्यात जुनं. तिथे हायवे आणि मॉलमुळे छोट्या शहरांचे मुख्य रस्ते ओस पडायला लागले होते, तेव्हा नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने १९७७ मध्ये तीन गावं निवडली, इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, इंडियानातलं मॅडिसन आणि साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज. जुन्या इमारती नुसत्या जपून भागत नाही, खाली दुकान चाललं तरच वरची इमारत टिकते, हे त्यातून कळलं आणि १९८० मध्ये त्याचं राष्ट्रीय केंद्र झालं. आज एक हजाराहून जास्त गावं या जाळ्यात आहेत. कामाचे चार भाग ठरलेले असतात, रस्त्याचं आणि दुकानांच्या दर्शनी भागाचं डिझाइन, लोकांची संघटना, प्रचार आणि धंद्याची बाजू.

पण मला विचाराल तर यातली खरी गोष्ट एकच आहे, पगारी माणूस. सकाळपासून पेठेत फिरणारा, कुठला गाळा रिकामा झाला, मालक कोण, तो भाड्याने द्यायला तयार आहे का, कोणाला दुकान टाकायचंय हे सगळं डोक्यात असणारा मॅनेजर. आपल्याकडे व्यापारी असोसिएशन गावोगावी आहे पण अध्यक्षांचं स्वतःचं दुकान असतं, ते दुकान सांभाळून जेवढं जमतं तेवढं बिचारे करतात. मेन स्ट्रीटमध्ये हा मॅनेजर, त्याच्यावर स्थानिक लोकांचं मंडळ, हाताखाली स्वयंसेवक, आणि वर राज्य पातळीवर ट्रेनिंग देणारं ऑफिस असतं. किती दुकानं उघडली, किती बंद पडली, किती लोक कामाला लागले याची नोंद गावं ठेवतात आणि वर पाठवतात, त्यामुळे एका गावात चाललेली गोष्ट दुसऱ्याला आकड्यांसकट दिसते. सरकारचा मोठा निधी यात नसतो, नगरपालिका, व्यापारी, देणगीदार यांच्याकडून पैसे उभे करत राहावं लागतं, आणि मॅनेजर सोडून गेला की काम अडकतं.

फ्रान्सने उलट बाजूने सुरुवात केली. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने २२२ मध्यम शहरं निवडली आणि पाच वर्षांत पाच अब्ज युरो लावायचं ठरवलं, योजनेचं नाव 'ॲक्सिओं कर द व्हिल', शहराच्या काळजासाठीची योजना म्हणा. पैसा सरकारी वित्तसंस्था आणि घरबांधणीच्या संस्थांकडून आला, आणि त्यात घरं हा मोठा भाग होता, कारण पेठेत राहणारी माणसंच कमी झाली तर संध्याकाळी किराणा घ्यायला येणार कोण? पुढे २०२० मध्ये २० हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी वेगळी योजनाही काढली.

पैशापेक्षा मला त्यांचा कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१८ च्याच एका कायद्याने असा करार आणला की ज्यात मुख्य शहर एकटं सही करू शकत नाही, आजूबाजूच्या गावांची जी संयुक्त संस्था असते ती पण त्यात लागते. करार झाला की पेठेत मोठं दुकान काढायला एरवी लागणारी वेगळी व्यापारी परवानगी लागत नाही, आणि शहराबाहेर येऊ घातलेल्या मॉलची परवानगी सरकारचा जिल्ह्यातला प्रतिनिधी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतो. म्हणजे आत दार उघडं आणि बाहेर लगाम. हे का लागतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको, मॉल किंवा मोठं गोडाऊन कधी नगरपरिषदेच्या हद्दीत येतच नाही, ते हद्दीच्या पलीकडे ग्रामपंचायतीत होतं, कर त्यांना मिळतो आणि गिऱ्हाईक आपलं जातं. शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय हा प्रश्न सुटतच नाही.

आता अर्बॅक्ट, म्हणजे शहरांनी एकमेकांकडून शिकायचा युरोपातला कार्यक्रम. तो २००२ पासून युरोपियन युनियनच्या पैशावर चालतं, पण हा पैसा रस्ते बांधायला मिळत नाही, एकमेकांकडे जाण्यायेण्याला, तज्ज्ञाला आणि बैठकांना मिळतो. वेगवेगळ्या देशांतली आठदहा शहरं साधारण अडीच वर्षं एका प्रश्नावर बसतात, प्रत्येक शहरात दुकानदार, रहिवासी, अधिकारी यांचा एक गट करावा लागतो आणि शेवटी प्रत्येकाने आपला आराखडा द्यायचा. 'सिटी सेंटर डॉक्टर' नावाचं त्यांचं जाळं छोट्या शहरांच्या पेठांवरच होतं, पुढारी होतं व्हेनिसजवळचं सान दोना दि प्याव्हे, ज्याच्या शेजारच्याच गावात मोठं आउटलेट मॉल आहे. सोबत स्लोव्हेनियातलं पाऱ्याच्या खाणीचं इद्रिया, नेदरलँड्समधलं कोळशाच्या खाणी बंद पडलेलं हेर्लेन अशी गावं. मला हे आवडतं कारण बाहेरचा माणूस आपल्या चौकात येऊन उभा राहिला की त्याला जे खटकतं ते आपल्याला रोज बघून दिसेनासं झालेलं असतं. कमी काय? आराखडा झाल्यावर पुढचा पैसा तुमचा तुम्हीच शोधायचा.

आणि एक प्रकार टाळाच, शहरांना एकत्र न आणता स्पर्धेत उतरवणं. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये, टीव्हीवर दिसणाऱ्या दुकानदारीतल्या तज्ज्ञ मेरी पोर्टास यांच्या पेठांवरच्या अहवालानंतर, साडेतीनशेहून जास्त गावांनी अर्ज केले, पहिल्या फेरीत १२ निवडली गेली आणि त्यांच्यात मिळून १२ लाख पौंड वाटले. टीव्हीवर खूप गाजलं, पण एकदाच येणाऱ्या एवढ्याशा पैशात पेठ उभी राहत नाही, आणि जी गावं हरली त्यांच्या हाती काहीच शिकणं आलं नाही.

आपल्याकडे आणताना दोन फरक पक्के ध्यानात ठेवा. तिकडचं दुखणं रिकामे गाळे आणि सामसूम रस्ता आहे, आपल्या पेठेत गर्दी आहे, चालायला जागा नाही. आणि फेरीवाले या कुठल्याच मॉडेलच्या केंद्रस्थानी नाहीत. आपल्याकडे २०१४ च्या कायद्याने फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य त्यांचे असावे लागतात, त्यांना हटवून सुशोभीकरण केलं तर कायदाही मोडतो आणि पेठेतली अर्धी गिऱ्हाइकं पण जातात. शिवाय जुन्या वाड्यांमध्ये मालक आणि जुने भाडेकरू यांचे वाद, त्यामुळे फ्रान्ससारखं वरच्या मजल्यांवर घरं करा म्हणणं इथे लगेच जमणार नाही.

मग घ्यायचं काय? हातात निधी नसेल आणि असोसिएशन चांगली असेल तर मेन स्ट्रीटचा पगारी माणूस घ्या, चार गावांनी मिळून एक ठेवला तरी चालेल, निदान सुरुवातीला. गावात एकमत नसेल, नुसतं भांडण चालू असेल तर आधी अर्बॅक्टसारखं एकमेकांच्या गावी जाऊन बघणं करा, त्याला एसटीचं भाडं आणि जेवणाचाच खर्च येतो. आणि तुमचा मुख्य त्रास बायपासचाच असेल तर फ्रान्सची वाट धरल्याशिवाय दुसरं काही टिकणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे, त्याला आमदार आणि प्रादेशिक आराखड्यापर्यंत जावं लागेल, वेळ लागेल, पण पेठेत टाइल्स बसवण्याआधी ते सुरू करा. त्यासाठी पहिल्या बैठकीला बायपासवरच्या ग्रामपंचायतीचे सरपंच हवेत आणि फेरीवाल्यांचे प्रतिनिधी पण हवेत, नंतर बोलावू म्हणून ठेवू नका.