रायझोबियम, अ‍ॅझोस्पिरिलम की अ‍ॅझोटोबॅक्टर: कोणत्या पिकाला कोणतं पाकीट?

हवेतल्या नत्राचा एक रेणू पिकाच्या कामाचा करायला जिवाणूचे एटीपीचे (पेशीत ऊर्जा पुरवणारा पदार्थ) किमान 16 रेणू खर्ची पडतात. ही ऊर्जा कर्बातून येते. म्हणून जिवाणू खताचं पाकीट घेताना आधी बघा, या जिवाणूला कर्ब कोण पुरवणार?

सोयाबीन, तूर, हरभऱ्यात झाडच पुरवतं. रायझोबियम मुळावरच्या गाठीत राहतो. झाड त्याला मॅलेट हे कर्ब असलेलं आम्ल देतं आणि गाठीतलं लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन ऑक्सिजन बेताचा ठेवतं, कारण ऑक्सिजन वाढला की नत्र बांधणारं नायट्रोजनेज हे विकर (एन्झाइम) निकामी होतं. पाकीट मात्र पिकाचंच हवं. तूर, मूग, उडीद एका गटात बसतात. हरभऱ्याचं सोयाबीनला चालत नाही.

10 किलो बियाण्याला पावडर 250 ग्रॅम, द्रवरूप असेल तर 100 मिलि. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी. सोयाबीन जोरात चोळू नका, साल निघून उगवण घटते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. साधारण 40 दिवसांनी झाड मातीसकट खोदून काढा. उपटलं तर गाठी रानातच राहतात. गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद. पेरणीला हेक्टरी 30 किलो नत्र दिल्यावर वरून युरिया टाकला, तर आयता नत्र मिळालेलं झाड गाठी धरणं आणि पोसणं आवरतं घेतं. काळ्या रानात पाणी साचलं तर गाठींचा श्वास कोंडतो. चुनखडीच्या रानात लोह लागू होत नाही, आणि लोह तर नायट्रोजनेज आणि लेगहिमोग्लोबिन दोन्हींत लागतं.

ज्वारीला अ‍ॅझोस्पिरिलम घ्या. तो मुळांतून पाझरणाऱ्या सेंद्रिय आम्लांवर जगतो, पण अमोनिया मिळाला की काही मिनिटांत नायट्रोजनेज बंद करतो. त्याचा मोठा फायदा नत्रापेक्षा ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचा: तंतुमुळं वाढतात. रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवरच येते, तिला हे फार मोलाचं आहे.

अ‍ॅझोटोबॅक्टर कपाशीला देतात, पण तो मातीतल्या कर्बावर जगतो. त्यातलाही बराच कर्ब, नायट्रोजनेजजवळ ऑक्सिजन साचू नये म्हणून, नुसत्या श्वसनात जाळतो. मराठवाड्यातल्या बहुतेक रानांत सेंद्रिय कर्ब मुळातच कमी. हेक्टरी 5 टन तरी कुजलेलं शेणखत पडणार असेल तरच हे पाकीट घ्या आणि त्या शेणखतातच मिसळून द्या. नसेल तर पहिला खर्च शेणखतावर करा. यातलं कोणतंही पाकीट परभणीच्या कृषी विद्यापीठातून आणा की दुकानातून, त्यावरची अंतिम तारीख वाचा आणि ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.